रात्रीच घसा का दुखतो? चांदा-गडचिरोलीच्या रानातला एक जुना प्रश्न

"डॉक्टर, दिवसभर काही नाही, पण रात्री घसा ठणकतो. थुंकी गिळवत नाही. सकाळी चहा घेतला की बरं वाटतं." वाचकहो, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कुठल्याही दवाखान्यात ही तक्रार नेहमीची आहे. आम्ही टॉर्च घेतो, "आ करा" म्हणतो, घसा पाहतो, औषध लिहून देतो आणि पुढच्या रुग्णाला बोलावतो. पाच मिनिटांचं काम.

पण या प्रश्नाला इतिहास आहे. आजीच्या पिढीत रात्री लेकराचा घसा दुखला की घरात एकच धास्ती असायची, सकाळ दिसेल ना? आज तोच घसा दुखला की मी पहिला प्रश्न विचारतो, दिवसभर या घशातून काय काय गेलं? शंभर-सव्वाशे वर्षांत प्रश्नच बदलला. जुना प्रश्न मात्र पूर्ण संपलेला नाही, म्हणून हा लेख.

रात्रच का?

आधी एवढं समजून घ्या. जागेपणी आपण सतत थोडी थोडी लाळ गिळत असतो. लाळेने घसा ओला राहतो, धुतला जातो. झोपेत लाळ कमी होते आणि गिळणंही कमी होतं. आडवं झालं की नाक चोंदतं, मग तोंडाने श्वास सुरू होतो आणि कोरडी हवा थेट घशावर येते. नाकाच्या मागच्या बाजूने शेंबूड घशात उतरतो. पोटातलं आम्ल वर यायलाही आडवी स्थितीच सोयीची. शिवाय सूज आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक रात्री उशिरा शरीरात सर्वांत कमी असतं. आणि एक साधी गोष्ट, दिवसा कामाच्या नादात दुखणं विसरायला होतं, रात्री लक्ष द्यायला तेवढंच उरतं.

म्हणजे घसा रात्री आजारी पडत नाही. दिवसभराची इजा रात्री बोलू लागते, एवढंच. मात्र काही आजार खरोखरच रात्रीत माणूस नेतात आणि आपल्या पूर्वजांना ते नीट ठाऊक होतं.

तीन रात्रींचा हिशोब

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जिभेच्या मुळाशी होणाऱ्या 'रोहिणी' नावाच्या रोगाचा उल्लेख आहे. हा रोग झालेल्याचं आयुष्य फार तर तीन रात्रींचं, कुशल वैद्याने लगेच उपचार केले तर मात्र तो वाचतो, असं तिथे सांगितलं आहे. दिवसांचा नव्हे, रात्रींचा हिशोब! सुश्रुताने रोहिणीचे पाच प्रकार सांगितले आणि घसा अडवून प्राण घेणाऱ्या मांसाच्या अंकुरांचं वर्णन केलं. आजचे बरेच अभ्यासक रोहिणी म्हणजे घटसर्प, अर्थात डिप्थेरिया, असं मानतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नावावर आजच्या रोगाचं लेबल लावताना मी थोडा जपून असतो, पण वर्णन जुळतं हे खरं.

मोठी माणसंही यातून सुटत नसत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १२ डिसेंबर १७९९ रोजी बर्फ-पावसात घोड्यावरून शेतीची पाहणी करून आले. दुसऱ्या दिवशी घसा दुखू लागला. १४ तारखेच्या पहाटे दोन-तीनच्या सुमारास ते जागे झाले तेव्हा बोलवत नव्हतं, श्वास जड झाला होता. बायको मदत बोलवायला उठू लागली, तर तिलाच सर्दी होईल म्हणून त्यांनी तिला उजाडेपर्यंत उठू दिलं नाही. दिवसभरात चार वेळा मिळून दोन लिटरहून जास्त रक्त काढलं गेलं, कारण त्या काळी तोच उपचार होता. सर्वांत तरुण डॉक्टर एलिशा डिक यांनी श्वासनलिकेला छेद देऊन हवेला वाट करू या असं सुचवलं. ज्येष्ठांनी ऐकलं नाही. त्याच रात्री दहानंतर वॉशिंग्टन गेले. स्वरयंत्रावरच्या झाकणाला, म्हणजे एपिग्लॉटिसला, अचानक सूज आली असावी असं आज बहुतेक डॉक्टरांचं मत आहे. तेव्हा आपला चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. वॉशिंग्टनच्या उशाशी तीन डॉक्टर होते, इथल्या रानातल्या पाड्यावर एकही नसणार. त्या रात्री दोन्हीकडचा निकाल मात्र फारसा वेगळा लागला नसता.

घटसर्प

एकोणिसाव्या शतकात घटसर्प हा लेकरांचा काळ होता. सुरुवात साधी असे. ताप फार नाही, घसा दुखतो, मूल मलूल. मग टॉन्सिलवर राखाडी पापुद्रा धरतो, चामड्यासारखा चिवट. ओढला तर रक्त येतं. मान सुजून बैलाच्या मानेसारखी दिसते. पापुद्रा खाली स्वरयंत्रात उतरला की श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो आणि मूल निळं पडू लागतं. यातून वाचलं तरी जंतूचं विष दुसऱ्या आठवड्यात हृदय बंद पाडू शकतं. फ्रान्सच्या ब्रेतोनो यांनी १८२६ मध्ये या रोगाला चामड्याच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं. क्लेब्स यांना १८८३ मध्ये जंतू दिसला, लोफ्लर यांनी १८८४ मध्ये तो वाढवून दाखवला. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासातो यांनी सिद्ध केलं की या विषाला उतारा देणारं द्रव्य प्राण्याच्या रक्तात तयार करता येतं. मग घोड्यांच्या रक्तापासून सीरम बनू लागलं. वैद्यकाचं पहिलं नोबेल, १९०१ सालचं, बेरिंग यांना मिळालं ते यासाठीच.

सीरमची अट एकच, वेळेवर मिळालं पाहिजे. विष एकदा पेशीत शिरलं की सीरमचा उपयोग नाही. म्हणून उशीर झालेला प्रत्येक दिवस महाग पडतो. आता आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या मिळतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटायचा, ही बातमी आपण कित्येक पावसाळे वाचत आलो. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे रुग्ण तपासू लागले तेव्हा वीज नव्हती, धड रस्ता नव्हता. लोक रुग्णाला खाटेवर घालून, रानातून चालत आणत. जी वस्तू थंड ठेवावी लागते आणि तासातासाला जिचं मोल कमी होतं, ती अशा ठिकाणी रात्री दोन वाजता कुठून मिळणार?

म्हणून घटसर्प हटवला तो सीरमने नाही, लसीने. देशात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आला आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण. त्रिगुणी लस, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्र सुई, परिचारिकेच्या डब्यातून बर्फावर बसून पाड्यापाड्यांवर गेली. तिने काय साधलं ते एका शब्दावरून कळतं. आज खेड्यात 'घटसर्प' म्हटलं की शेतकऱ्याला बैल आठवतो. जनावरांच्या एका वेगळ्याच रोगालाही मराठीत घटसर्प म्हणतात, कारण त्यातही गळा सुजतो, आणि पावसाळ्याआधी पशुवैद्यक त्याची लस टोचून जातात. माणसांचा घटसर्प लोक विसरले, बैलांचा लक्षात राहिला. डॉक्टर म्हणून मला ही विस्मृती फार आवडते.

थोडी भीतीही वाटते. घटसर्प भारतातून गेलेला नाही. २०१८ मध्ये देशात आठ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. लसीचा जोर वर्षांनुसार ओसरतो, म्हणून दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर असतो आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडीची सुई असते. पहिल्या तीन सुया आया न चुकता देतात, पाचव्या वर्षाची विसरतात. मूल धडधाकट दिसतं, शाळेत जायला लागलेलं असतं, कोण लक्षात ठेवणार? घरी गेल्यावर लसीकरणाचं कार्ड एकदा काढून बघा.

घसा की छाती?

लेकरांना सर्दी-खोकला आणि घसादुखी वर्षातून अनेकदा होते आणि बहुतेक वेळा आपोआप बरी होते. पण त्यातल्या थोड्या मुलांची सर्दी छातीत उतरते. त्याला आपल्याकडे 'डब्बा' म्हणतात, पुस्तकात न्यूमोनिया. रात्री आईसमोर खरा प्रश्न हाच असतो, हा नुसता घसा आहे की छाती? एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही, डॉक्टर वीस-तीस किलोमीटरवर.

या प्रश्नाचं उत्तर गडचिरोलीने शोधलं आणि जगाला दिलं. हे मी जरा अभिमानाने सांगतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि १९८६ च्या सुमारास डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. त्यांनी ५८ गावांत गावातल्याच माणसांना शिकवलं. आरोग्यसेवक तर होतेच, पण निरक्षर दायाही होत्या. लोकांना न्यूमोनियाची लक्षणं समजावून सांगितली आणि साधं, स्वस्त को-ट्रायमॉक्साझोल हाताशी दिलं. शेजारची ४४ गावं तुलनेसाठी होती. निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. काम झालेल्या गावांत पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने ८.१ मृत्यू, तर तुलनेच्या गावांत १७.५. न्यूमोनियाची ६१२ प्रकरणं हाताळली गेली आणि त्यांतली शंभरात एकापेक्षाही कमी मुलं दगावली.

निदान कशाने केलं? श्वास मोजून. छाती बिघडली की मूल भरभर श्वास घेतं, नुसता घसा दुखत असेल तर नाही. पण ज्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही तिचं काय? तिच्यासाठी बंगांनी मण्यांचं एक यंत्र केलं. एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. इतकं सोपं.

तुमच्याकडे मोबाईल आहे, त्यात घड्याळ आहे. मूल शांत असताना किंवा झोपेत पूर्ण एक मिनिट पोट वरखाली होताना मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर तो घसा नाही. सकाळची वाट पाहू नका.

घशातून हृदयाकडे

मुलांच्या घसादुखीत आणखी एक चोर दडलेला असतो, स्ट्रेप्टोकोकस नावाचा साखळी करून राहणारा जंतू. मुलांत साधारण २० ते ३० टक्के आणि मोठ्यांत ५ ते १५ टक्के घसादुखी त्याच्यामुळे असते, बाकी बहुतेक विषाणूंमुळे. याचा घसा चार-पाच दिवसांत बरा होतो आणि सगळे निश्चिंत होतात. दोन-तीन आठवड्यांनी मात्र काही मुलांचे सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होऊ लागतात. हा संधिवाताचा ताप. विशी-पंचविशीत, बहुधा पहिल्या बाळंतपणात, दम लागलेली बाई दवाखान्यात येते आणि तिच्या झडपेची गोष्ट दहाव्या वर्षीच्या एका विसरलेल्या घसादुखीशी जाऊन पोचते.

घशाचा उपचार केला तर हृदय वाचतं, हे सिद्ध झालं अमेरिकेतल्या वायोमिंगच्या एका हवाई तळावर. तिथल्या सैनिकांना घसादुखीत पेनिसिलिन दिलं, तर संधिवाताचा ताप जवळजवळ टळला. हा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. पेनिसिलिन तेव्हा आपल्याकडे परदेशातून यायचं. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि ते देशात बनू लागलं. आमच्या आधीच्या पिढीचे डॉक्टर पिंपरीचं नाव आदराने घेत.

गंमत अशी की आज पेनिसिलिन मिळणं अवघड आणि इतर अँटिबायोटिक मिळणं फार सोपं झालं आहे. मेडिकलमधून "घशाच्या दोन गोळ्या द्या" म्हणून नेल्या जातात. विषाणूच्या घशाला त्या लागू पडत नाहीत. स्ट्रेप्टोकोकसला दोन गोळ्या पुरत नाहीत, तोंडाने घ्यायचं पेनिसिलिन दहा दिवस घ्यावं लागतं. म्हणजे दोन्हीकडून तोटाच. रॉबर्ट सेंटर यांनी १९८१ मध्ये साधी कसोटी दिली आहे. ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पू आहे आणि मानेतल्या पुढच्या गाठी दुखतात, अशी चारही लक्षणं असतील तर स्ट्रेप्टोकोकसचा संशय घ्यावा. खोकला, नाक गळणं, आवाज बसणं असेल तर बहुधा विषाणू. आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार झाला तरी हृदय वाचू शकतं. म्हणजे पाड्यावरून चालत यायलाही वेळ आहे. भीती नको, पण दुर्लक्षही नको.

आणि आता खर्रा

जंतूंची गोष्ट इथवर. आता मोठ्यांच्या घशाकडे येऊ, कारण रात्री घसा धरून येणाऱ्या मोठ्या माणसांत आमच्याकडे जंतू क्वचित सापडतो. सापडतो तो खर्रा.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घेऊन ठेल्यावर रगडून रगडून घोटतात, तो खर्रा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. गुटखा कारखान्यातून पुडीत येतो, खर्रा ठेल्यावर तुमच्यासमोर ताजा बनतो. त्यामुळे बंदीच्या जाळ्यातून तो सहज निसटला. बाया खातात, पोरं खातात, पाहुण्याला दिला जातो, लग्नात वाटला जातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते आणि त्यांत धुराशिवायची तंबाखूच फार मोठी होती. दारू आणि तंबाखूविरुद्ध गडचिरोलीत 'मुक्तिपथ' नावाचं जिल्हाभराचं अभियान सुरू झालं ते या पार्श्वभूमीवर.

रात्रीचा आणि खर्ऱ्याचा संबंध काय? बरेच जण शेवटचा खर्रा गालात धरूनच झोपतात. लाळ आटलेली, गिळणं थांबलेलं आणि चुन्याचा दाह तासन्‌तास एकाच जागी. मध्यरात्री जाग येते, घसा जळत असतो. सकाळी चूळ भरली, चहा घेतला, बरं वाटतं. पुन्हा नवा खर्रा.

हे जळणं नुसतं जळणं नसतं. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या दंतवैद्याने नैरोबीतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंडाची आतली त्वचा आखडल्याचं नोंदवलं. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी हाच आजार टाळू आणि घशाच्या दोन खांबांवर होतो असं भारतातल्या रुग्णांवरून मांडलं. आज त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. आतली मऊ त्वचा पांढुरकी होते, तिच्यात दोरखंडासारखे पट्टे तयार होतात. आधी तिखट लागतं, मग साधी भाजी झोंबते, मग तोंड उघडेनासं होतं. दोष मुख्यतः सुपारीचा. "मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो" असं कुणी सांगितलं की मला काय बोलावं कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, कर्करोगकारक ठरवलं आहे. आणि फायब्रोसिस झालेल्या तोंडात कर्करोग होण्याची शक्यता जास्त असते.

वाचता वाचता एक करून पाहा. तोंड पूर्ण उघडा आणि आपल्याच हाताची मधली तीन बोटं, एकावर एक अशी उभी, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घाला. तिन्ही गेली तर ठीक. दोनच जात असतील तर कान-नाक-घसा किंवा दातांच्या डॉक्टरला दाखवा. तीन आठवड्यांहून जास्त एकाच बाजूला दुखणं, कानाकडे जाणारी कळ, न भरणारी जखम, मानेत गाठ, बसलेला आवाज यांतलं काहीही असेल तर गुळण्या करत बसू नका.

धूर आणि आम्ल

घशात खाऊन जातं तसं श्वासातूनही जातं. फाल्गुन-चैत्रात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. माणसं पहाटेच्या अंधारात निघतात आणि धुरात वाकून फुलं वेचतात. संध्याकाळी घरी चूल. उज्ज्वलेचं सिलिंडर अनेक घरांत आलं आहे, पण सरपण फुकट आणि सिलिंडर विकत, हे गणित घरातली बाई आपल्यापेक्षा नीट जाणते. चंद्रपूर शहराची कथा वेगळी. वरोऱ्याला १८७० च्या दशकात कोळशाची खाण सुरू झाली, पुढे खाणी वाढल्या, औष्णिक वीजकेंद्र आलं, सिमेंटचे कारखाने आले. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन देशात चौथं ठरलं. हे गुण मिरवायचे नव्हेत. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड दिसते, तीच घशावर बसते, फक्त दिसत नाही. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर. रात्रभर कुलर तोंडावर, माठाऐवजी फ्रिजचं पाणी, आणि नाक चोंदलं की तोंड उघडं.

आम्लाचं कारण तर फार जुनं आहे. माधवनिदान या ग्रंथात अम्लपित्ताच्या लक्षणांत छाती आणि कंठाचा दाह सांगितला आहे. पाश्चात्त्य वैद्यकात १९३५ मध्ये विंकेलस्टाइन यांनी पोटातलं आम्ल अन्ननलिका भाजतं असं मांडलं. आपल्याकडे रात्री उशिरा तिखट रस्सा, वर मोहाची किंवा विकतची दारू, लगेच आडवं. गिळलेला तंबाखूचा रस अन्ननलिकेच्या खालचं दार आणखी ढिलं करतो. सकाळी घसा खवखवतो, तोंड आंबट, आवाज जाड, पण छातीत जळजळ असेलच असं नाही. म्हणून हे कारण हमखास निसटतं.

आराम कसा पडेल?

जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली एक-एक वीट ठेवा. उशा वाढवून उपयोग नाही, त्याने पोटच दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. झोपण्याआधी खळखळून चूळ भरा, गालात काही ठेवू नका. कोमट पाण्यात मिठाच्या गुळण्या, नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब, ताप-ठणक असेल तर पॅरासिटामॉल. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध चालतो, त्याखालच्या बाळाला अजिबात नाही. कुलर असू द्या, पण तोंडावर नको.

जंगलातले बेहडे कित्येक घरांत असतात. बेहड्याची साल तोंडात धरली की लाळ सुटते, घसा ओला होतो, बरं वाटतं. जरूर धरा. ज्येष्ठमधाचंही तसंच, फक्त रक्तदाब असलेल्यांनी तो रोज चघळू नये. पडजीभ 'वाढली' म्हणून बोटाने दाबून घेण्याची जुनी रीत मात्र सोडा. त्या बोटाने घशात नवे जंतू जातात, आणि एपिग्लॉटिस सुजलेलं असेल तर त्या दाबण्याने श्वास जागीच अडू शकतो.

कोणत्या घशासाठी रात्रीच निघायचं? लाळ गिळता न आल्याने तोंडातून गळत असेल, माणूस पुढे झुकून बसत असेल आणि आडवं होता येत नसेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तोंड उघडत नसेल आणि आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येत असेल, मान सुजली असेल, घशात राखाडी पापुद्रा दिसत असेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर १०८ लावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. अशा रुग्णाला बळेच झोपवू नका, बसूनच न्या, आणि घशात चमचा घालून पाहण्याचा हट्ट धरू नका. पावसाळ्यात वाटेवर नदी-नाला असेल तर संशय येताच, उजेड आणि पाणी पाहून, दुपारीच निघा.